आखडणारा तुकडा

१

वजडी घेणारं गिऱ्हाईक आधी वास घेतं, मग रंग बघतं. विकणारी मात्र आधी ताणून बघते. ओकिनावातल्या नाहा शहराच्या बाजारात उतो आगारिएची तीस वर्षं या ताणून बघण्यातच गेली होती. डुकराचं आतडं असो नाहीतर कोठा, एक टोक डाव्या अंगठ्याखाली दाबायचं, दुसरं उजव्या हाताने ओढायचं आणि सोडून द्यायचं. चांगला माल ओढला तेवढा राहतो, दमलेल्या माणसासारखा जरा लोंबतो. मग त्याला पीठ चोळायचं, टोफूचा चोथा चोळायचा, धुवायचं. पुन्हा पीठ, पुन्हा चोथा, पुन्हा पाणी. सातव्या पाण्यानंतर तुकडा नाकाशी धरला तर वाळलेल्या फडक्याचा वास यायला हवा. उतोच्या वजडीला तो यायचा. म्हणून डिसेंबर लागला की तिच्या गाळ्यापुढे बायकांची रांग लागायची. नव्या वर्षाच्या दिवशी ज्या घरात वजडीचं सार नाही, त्या घरात वर्ष बदललंच नाही, असं ओकिनावात धरतात.

रस्त्यावरच्या गाड्या उजवी बाजू सोडून डावीकडून धावायला लागल्या, त्या वर्षीची ही गोष्ट. डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात एका सकाळी उतोने परातीतून एक तुकडा उचलला, अंगठ्याखाली दाबला, ओढला, सोडला.

तुकडा परत आला.

रबरासारखा चटकन नाही. पलीकडून कुणीतरी सावकाश हाताने ओढून घ्यावा, तसा आला आणि होता तेवढा झाला. उतोने पुन्हा ओढला. पुन्हा आला.

"काय गं, डुकराशी रस्सीखेच खेळतेस का?" शेजारच्या गाळ्यावरून नाबे आजीने विचारलं. नाबे आजी डुकरांची तोंडं विकायची. कानानाकासकट सपाट केलेली, ओळीने टांगलेली. त्यांतलं आजीचं तोंड कोणतं ते ती बोलेपर्यंत कळत नाही, असं बाजारात म्हणत. हे पसरवलेलंही तिनेच.

"म्हातारी डुकरीण असेल," उतो म्हणाली.

"म्हातारपणी सगळं ढिलं पडतं बाई. माझ्याकडे बघ की!"

पलीकडचा मासेवाला खो खो हसला. उतोही हसली. हसता हसता तिने तो तुकडा मोरीत टाकला, वर बादलीभर पाणी ओतलं, आणि मग कुणाचं लक्ष नाही असं पाहून वाकून फळीखाली नजर टाकली. तिथे झाकणाची एक मातीची बरणी होती. झाकण जागच्या जागी होतं. त्यावरचा दगडही.

असा आखडणारा तुकडा तिने याआधी एकदाच हातात धरला होता. तो डुकराचा नव्हता.

२

उतोची सासू कामादो सत्तरी उलटल्यावर आपलं लहानसं बेट सोडून थोरल्या मुलाकडे, म्हणजे उतोच्या नवऱ्याकडे, नाहाला राहायला आली. जन्मभर डोक्यापाठीवर ऊस आणि पाणी वाहिलेली बाई. तक्रार तिला माहीत नव्हती. पण शहरात आल्याच्या दुसऱ्या वर्षी ती जेवणावरून अर्धवट उठायला लागली.

"घास खाली जातो," ती मान ताणून गिळत सांगायची, "पण आत कुणीतरी बसलंय. ते त्याला परत ओढतं."

आता उतोचा वजडीतला हात नावाजलेला. तिच्या हातचं सार खायला लोक लांबून येत. आणि घरात सासूचा घास परत येतो! तिला तो सरळ टोमणा वाटला. नवरा सेइझेन एकदा म्हणाला, "आईला इस्पितळात दाखवून आणू या का?" तर उतो म्हणाली, "मान लांब करून दाखवायला इस्पितळ कशाला? मी फुकट बघते की रोज!" सेइझेन हसला. त्याची धाकटी बहीण हात्सु तिथेच बसली होती, तीही हसली. विषय मिटला.

खोटं कशाला सांगा, उतोला माणसं हसवायची हौस होती. गाळ्यावर गर्दी जमवायची तर हातात माल हवा आणि तोंडात गोष्ट हवी. तिने सासूची गोष्ट केली. मान वर ताणायची, डोळे फिरवायचे, घसा आत ओढायचा आणि बारीक आवाजात म्हणायचं, "आत कुणीतरी बसलंय गं!" बायका पोट धरून हसायच्या. रोज कुणीतरी नवी यायची आणि म्हणायची, उतो, ती सासूची नक्कल कर ना.

एक दिवस नक्कल ऐन रंगात असताना समोरचं हसू एकदम थांबलं. उतोने मागे वळून पाहिलं. सासू उभी होती. घरून रिकामा वाडगा परत द्यायला आली होती. तिने वाडगा फळीवर ठेवला.

"छान करतेस गं," ती म्हणाली. "मी अगदी अशीच दिसत असेन."

त्यात टोमणा नव्हता, हेच वाईट. त्या दिवसापासून कामादोने घशाचं नावही काढलं नाही. सगळ्यांबरोबर बसायची, समोरचं थोडं थोडं चिवडायची, "पोट भरलं" म्हणायची. अकरा महिन्यांनी गेली, तेव्हा सेइझेनने तिला एकट्याने उचललं, रिकामी करंडी उचलावी तसं. बेटावरच्या थडग्यात तिला ठेवून आले. लोक म्हणाले, वय झालं होतं.

उतोने ती नक्कल पुन्हा केली नाही. पण घरच्या माणसांच्या ती तोंडी बसली होती. सणावारी कुणीतरी मान ताणायचंच, आणि लेकीसुनांना, नातवंडांना तेवढीच आजी आठवायची.

३

त्या बेटावर माणूस गेल्यावर सातव्या वर्षी थडगं उघडतात आणि घरच्या बायका त्याची हाडं धुतात. आधी समुद्राचं पाणी, मग तांदळाची दारू. धुऊन पुसून पायापासून वर अशी रांजणात रचायची, डोकं सगळ्यांत शेवटी. थोरल्या सुनेने पहिला हात घालायचा. पुरुष लांब, बांधाच्या कडेला पाठ करून उभे राहतात.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधली सकाळ होती, वारा पडलेला. हात्सुने उन्हाचा कवडसा पडू नये म्हणून शवपेटीवर काळी छत्री धरली होती. दोन चुलतसासवा पाण्याच्या घमेल्यापाशी बसल्या होत्या. उतोने पेटीत हात घातला.

ती ज्याला घाबरली होती, तसं काहीच नव्हतं. हाडं चहासारखी तपकिरी, कोरडी, हलकी. एकेक उचलून ती मागे देत गेली. बरगड्या उचलल्या आणि त्यांच्याखाली, जिथे एके काळी कोठा होता तिथे, तिच्या हाताला ओलं लागलं.

तळहाताएवढं. पांढुरकं, मध्ये पिवळट रेघा. बाकी सगळं मातीला मिळालेलं, कपडा नाही, केस नाहीत, आणि हे असं, सकाळीच कापून ठेवल्यासारखं.

पुढचं उतोने केलं नाही, तिच्या हातांनी केलं. डाव्या अंगठ्याने टोक दाबलं. उजव्याने ओढलं. सोडलं. ते सावकाश परत आलं. आणि तीस वर्षांच्या सवयीने तिच्या तोंडून गाळ्यावरच्या आवाजात निघून गेलं, "हा नाही चालायचा."

"काय म्हणालीस, वहिनी?" वरून हात्सुने विचारलं.

उतोचे कान तापले. आपण सासूला ताणून बघितलं, मालासारखं. आणि त्याच क्षणी दुसरं कळलं, की म्हातारी खरं बोलत होती. आत होतं. तिच्या हातात होतं. हे आता बाहेर काढून छत्रीखाली धरलं, तर सगळ्यांना कळणार होतं, की कोण खरं आणि कोण हसलं.

"काही नाही," ती म्हणाली. "झाडाचं मूळ घुसलंय आत."

आणि तिने ते ॲप्रनच्या खिशात टाकलं.

रांजण भरला. डोकं वर ठेवलं. बेटाची रीत अशी, की झाकण लावण्याआधी सगळ्यांत म्हातारी बाई विचारते आणि पहिला हात घालणारीने उत्तर द्यायचं.

"सगळं आलं ना गं?"

"आलं," उतो म्हणाली.

तीनदा विचारतात. तिन्ही वेळा ती "आलं" म्हणाली. तिसऱ्या वेळी तिच्या खिशात काहीतरी सावकाश आखडलं, आणि तिला वाटलं, चालताना कापड ओढलं गेलं असेल. ती तेव्हा चालत नव्हती, उभी होती.

४

येताना बोटीतून ते समुद्रात सोडायचं, असं तिने ठरवलं होतं. पण दुपारी वारा सुटून सागर खवळला, आणि तीन तास कठड्याशी कुणी ना कुणी ओकत उभंच होतं. घरी ठेवायचं तर कुठे? सेइझेन सगळे डबे उघडून बघणारा माणूस. शेवटी तिला तिची जागा सुचली. जिथे असली वस्तू कुणाच्या डोळ्यांत भरणार नाही अशी नाहात एकच जागा होती, तिचा स्वतःचा गाळा. बरणी, मिठाचं पाणी, झाकण, दगड. चार दिवसांत बेटावर जाते, थडग्यापुढे जमीन उकरून ठेवून येते, असं तिने बरणीला सांगितलं. मोठ्याने. मग इकडेतिकडे पाहिलं.

चार दिवसांचे चार आठवडे झाले. एकटीने बेटावर जायला कारण काय सांगायचं?

रोज सकाळी ती झाकण काढून बघायची. आधी तुकडा तिच्या तळहातात मावत होता. नोव्हेंबरच्या मध्यावर तो बोटांच्या पेरांपर्यंत आला. ती स्वतःला सांगायची, पाण्यात ठेवलं की सगळंच फुगतं. वाटाणे फुगतात, अळंबी फुगते. पण फुगलेली वस्तू मऊ पडते. हा मऊ पडला नव्हता.

आणि आवाज. बाजारात आवाज कायम असतात, सुरे, बर्फ, बायका. पण दुपारी दीडच्या सुमाराला, सगळे डबे खाताना, घटकाभर शांत होतं. तेव्हा फळीखालून यायचा. चिखलात रुतलेला पाय हळूच काढून घ्यावा, तसा. उतो मोरीच्या नळीला दोष द्यायची. नळी साफ करून घेतली. माणूस येऊन तारा घालून गेला, म्हणाला, "काकू, नळी माझ्या बायकोच्या तोंडासारखी मोकळी आहे, कुठे अडत नाही." दुसऱ्या दिवशी दीड वाजता आवाज आला.

मग एका संध्याकाळी रताळं खाताना तिचा घास खाली गेला, आणि थोडा परत आला.

तिने पाणी प्यायलं. आज घाईत खाल्लं, तिने मनाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सावकाश खाल्लं. आत, छातीच्या हाडामागे, अगदी हलकी ओढ लागली, जणू कुणीतरी विचारत होतं, हे माझं का?

सेइझेनला सांगायला तिने तोंड उघडलं. पण जे शब्द जिभेवर आले ते सासूचे होते, एकूण एक. तिने तोंड मिटलं.

५

अठ्ठावीस डिसेंबरला, ऐन गर्दीत, हात्सुला गाळ्यावर बसवून ती इस्पितळात गेली. हात्सु दर वर्षी शेवटचे तीन दिवस मदतीला यायचीच. "कंबर दाखवून येते," उतोने सांगितलं.

डॉक्टर इनामिने तरुण होता, बडबड्या. त्याने तिच्या घशातून काळी नळी घातली आणि दुसऱ्या टोकाला डोळा लावला. खोली थंड होती, भिंतीवरचं घड्याळ टकटकत होतं. नळी आत सरकत होती आणि उतो वाट बघत होती की हा माणूस आता दचकेल.

"वा!" तो म्हणाला. "शाळेतल्या मुलीसारखं स्वच्छ. काही नाही, बाई. एक ठिपका नाही."

"नीट बघा."

नळी तोंडात असल्यामुळे हे तिला म्हणता आलं नाही. बाहेर आल्यावर म्हणाली. त्याने सांगितलं, नीटच बघितलं.

"अशी एखादी गाठ... जी ताणली की परत येते?"

डॉक्टरने खुर्ची पुढे ओढली. हा त्याच्या आवडीचा विषय निघाला. "आपल्या बेटांवरच्या बायकांत अशा गाठी बऱ्याच सापडतात. पाठीत, खांद्याच्या फऱ्याखाली. अंगात जे ताणले जाणारे धागे असतात ना, ते वेडेवाकडे वाढून साठतात. क्वचित कुणाच्या कोठ्यात, आतड्यातही होतात. काही घराण्यांत जास्त. तुमच्या घरात होती कुणाला?"

"सासूला."

"मग प्रश्नच मिटला! रक्ताचं नातं नाही. सासूकडून सुनेला स्वयंपाकघर मिळतं, गाठ नाही मिळत." स्वतःच्या विनोदावर तो हसला. "कुठे उपचार केले त्यांच्यावर?"

उतोने हातरुमाल काढला.

"नाही केले? अहो, जिवाला धोका नसतो त्यात. घासाची वाट अडली तर तेवढी मोकळी करायची. आठवड्याभरात जेवायला लागतो माणूस."

घड्याळ टकटकत राहिलं. उतोने हातरुमालाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. आठवड्याभरात. अकरा महिने म्हातारी समोर बसून चिवडत होती.

"माणूस गेल्यावर ती गाठ... कुजते ना?"

डॉक्टरचं लिहिणं थांबलं. त्याने तिच्याकडे बघितलं, मग पुन्हा कागदाकडे. "सगळंच कुजतं, बाई. चिवट असतं ते उशिरा, एवढंच. तुम्ही थकला आहात. नव्या वर्षात आराम करा. हा घशाचा भास आहे."

भास. म्हणजे सासूचं खरं होतं तेव्हा तिला खोटी ठरवलं, आणि आता आपलं काहीच नाही तरी ओढ लागते. ती जिन्यावरून उतरताना हसली. हसू अर्ध्यावर आत ओढलं गेलं.

६

गाळ्यावर आली तर बरणी धुऊन पालथी घातलेली. दगड बाजूला.

"आलीस?" हात्सु बाह्या वर करून सुरी धुत होती. "काय गं वहिनी, तू तर मोठी वस्ताद निघालीस! इतकी फक्कड वजडी फळीखाली दडवून ठेवतेस? जाड, पांढरी, वास म्हणून नाही. गिऱ्हाइकांना कसलंही द्यायचं आणि चांगलं घरात!"

"कुठे आहे?"

"कुठे म्हणजे? आपल्या साराला घेतली. उकळवली, कापली, बाकीच्यात मिसळली. ते बघ पातेलं. एकदम अकरा माणसांचं झालं."

पातेल्यात बोटभर लांबीच्या पट्ट्या होत्या, शेकडो, सगळ्या एका रंगाच्या. उतोने एक उचलली. अंगठा, ओढ, सोड. तशीच राहिली. दुसरी. तिसरी. हात्सु बघत होती.

"अगं, माझ्या कापण्यावर भरवसा नाही का?"

"आहे," उतो म्हणाली.

तेव्हाच सांगायचं होतं. नाबे आजी शेजारी होती, मासेवाला होता, रांगेत सहा बायका होत्या. तुझी आई आहे त्यात, असं सहा बायकांसमोर कसं सांगतात? घरी गेल्यावर सांगते, असं तिने ठरवलं. घरी सेइझेन पातेलं बघून खूश झाला. मग उद्या. दुसऱ्या दिवशी तिने ठरवलं, सांगायलाच कशाला हवं, पातेलं हातातून निसटलं म्हणायचं. दोन्ही कान धरून तिने ते चुलीवरून उचललंही. इतक्यात सेइझेन धावत आला. "अगं, जड आहे ते, कंबर दुखते ना तुझी!" आणि त्याने ते स्वतः धरून, जपून, परत ठेवलं.

लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. इतक्या मायेने तो क्वचितच बोलायचा. ती चुलीशी आलं किसत, खाली मान घालून उभी राहिली. तिच्या कंबरेला काही झालं नव्हतं, हेही एक खोटंच.

पातेलं रात्रभर झाकलेलं होतं. सकाळी झाकण काढलं तेव्हा पट्ट्या होत्या तशा होत्या. फक्त काल त्या सैल पसरल्या होत्या. आज मध्यभागी एकमेकींशी लागून, दाटीने जमल्या होत्या. गार झालं की चरबी गोठते आणि सगळं एकत्र येतं. उतोने हे स्वतःला दोनदा सांगितलं आणि डावाने त्यांना वेगळं केलं. त्या जरा जडच वेगळ्या झाल्या.

७

नव्या वर्षाच्या दुपारी अकरा माणसं चटईवर बसली. हात्सु, तिचा नवरा, त्यांची पोरं, उतोचा मुलगा-सून, नातवंडं. वरच्या बाजूला काळ्या लाकडाचं पितरांचं कपाट उघडलेलं. आत लाल पाट्यांवर नावं, शेवटचं कामादोचं. पहिला वाडगा तिथे. सेइझेनने स्वतःच्या हाताने त्यात पाच तुकडे मोजून घातले, वर अळंबी, वर आलं, आणि सपाट काळी उदबत्ती लावली. या घरचा शिरस्ता असा, की उदबत्ती निम्मी जळेपर्यंत कुणी जेवायच्या काड्या उचलायच्या नाहीत. पितरांचं आधी होऊ द्यायचं.

सगळ्यांपुढे वाडगे वाफाळत होते. उदबत्तीची राख खाली वाकली.

उतोला सांगायला निम्म्या उदबत्तीइतका वेळ होता.

"वहिनी," हात्सुचा नवरा म्हणाला, "तोवर आईंची नक्कल होऊन जाऊ दे. वर्षाची सुरुवात हसून करू."

"आजीची मान! आजीची मान!" पोरं ओरडली.

"नको," उतो म्हणाली.

"अगं कर ना, आज तीच तर मानकरी," सेइझेनने कपाटाकडे हात केला.

उतोने बोलायला म्हणून श्वास घेतला आणि आत ओढ लागली. आजवर लागली नव्हती अशी, जोरात. तिची मान वर ताणली गेली. डोळे फिरले. घसा आत गेला. हाताने ती हवा धरू बघत होती.

अख्खी खोली हसून लोळली.

"तशीच! अगदी तशीच!" हात्सु डोळे पुसत होती. धाकटं नातवंड टाळ्या पिटत होतं. उतोला श्वास मिळेना आणि जितका मिळेना तितकं हसू वाढत होतं. त्या हसण्यावरून तिला कळलं, की म्हातारीला त्या दिवशी गाळ्यामागे उभं राहून हे असं ऐकू आलं होतं.

ओढ सुटली. ती दोन्ही हातांवर पुढे पडली.

"ती नक्कल नव्हती," ती म्हणाली. "आईंचं पण ते सोंग नव्हतं."

हसू एकेकाचं थांबलं. उतोने कपाळ चटईला टेकवलं आणि सांगितलं. बरगड्यांखाली काय सापडलं. आपण ते कसं ताणून बघितलं, कोणत्या आवाजात काय म्हणालो. मूळ नव्हतं ते. तीनदा "आलं" म्हटलं ते खोटं. बरणी. डॉक्टर म्हणाला आठवड्याभरात जेवल्या असत्या. आणि पातेलं. पातेल्याचं सांगताना तिचा आवाज चटईतच राहिला, तरी सगळ्यांनी ऐकला. वाडगे एकेक करून दूर सरकवल्याचा आवाज झाला. कुणाच्या तरी वाडग्यावरच्या काड्या घरंगळल्या. सून उठून पोरांना कवेत घेऊन मागे सरकली.

कुणीतरी मारेल, निदान ओरडेल, असं उतोला वाटत होतं. तिला ते हवंही होतं.

"वहिनी," हात्सु म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीचा झाला होता. "म्हणजे आई खरं बोलत होती?"

"हो."

"मी हसले होते."

"हसवलं मी."

उतोने मान वर केली. ती एकटीच कपाटाकडे तोंड करून होती. बाकी सगळे तिच्याकडे बघत होते. कपाटातल्या वाडग्याच्या काठावरून काहीतरी पांढुरकं, ओलं, बोटभर रुंद, मागच्या अंधारात ताणलेलं होतं, कामादोच्या पाटीच्या मागपर्यंत. पाहते न पाहते तोच ते सावकाश, घाई नसल्यासारखं, तिकडच्या बाजूने ओढून घेतलं गेलं. शेवटी बारीक आवाज झाला. घास गिळल्याचा.

धूर असेल. डोळ्यांत पाणी होतं. तिने डोळे पुसले.

उदबत्ती निम्मी झाली होती. सेइझेन उठला. त्याने कपाटातला वाडगा दोन्ही हातांनी खाली आणला, सवयीने आणला असावा, आणि त्यात बघत उभाच राहिला. सार होतं. अळंबी होती. आल्याचा कीस वर तरंगत होता.

"पाच घातले होते मी," तो म्हणाला. "मोजून."

बाहेर रस्त्यावर पोरं पतंगामागे धावत गेली, त्यांचा गलका लांब गेला आणि खोली पूर्ण शांत झाली.

उतोने आवंढा गिळला. तो सरळ खाली गेला. तिने पुन्हा गिळला. छातीच्या हाडामागे कुणी नव्हतं, काही नव्हतं, कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच वाट मोकळी होती. आणि त्या शांततेत, नवऱ्यासमोर, हात्सुसमोर, सुनेच्या कुशीतून डोळे मोठे करून बघणाऱ्या पोरांसमोर, अकरा वाफाळत्या वाडग्यांच्या मधोमध, तिचं पोट भुकेने मोठ्याने गुरगुरलं.

सगळ्यांनी ऐकलं. तिने दोन्ही हातांनी पोट दाबून धरलं. ते पुन्हा गुरगुरलं.